कागदावर म्हातारं झालेलं गाव

“मलप्पा काका, वय सांगा.”

“कशासाठी इचारू लालीस, ते सांग अगुदर. मग वय सांगतो.”

मलप्पा ट्रॅक्टरखाली उताणा पडून नट आवळत होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते, आणि शिल्पा त्या पायांशी बोलत होती.

“गावाच्या आराखड्यासाठी हाय, काका. गावात माणसं किती, कोण काय करतंय, कुणाला काय पायजे, सगळं भरायचंय मोबाईलवर. त्याच्यावरनं गावाचा निधी कुठं घालायचा ते ठरणार.”

“म्हंजे सरकारी हाय.”

“हाव.”

“मग पासष्ट लिव.”

“काका, तुमचं लगीन आमच्या ह्यांच्या बारशानंतर झालंय म्हणतेत आत्या!”

“झालं आसंल. निराधारच्या कागदावर पासष्ट हाय का न्हाई? तिथं पासष्ट आन् तुझ्याकडं पंचावन्न झालो, तर पगार बंद करतेल ते. तू माझ्या पोटावर पाय देणार हायस का, तेवढं सांग.”

शिल्पानं पासष्ट लिहिलं. पासष्ट वर्षांचा मलप्पा टुणकन ट्रॅक्टरखालून बाहेर आला, मागच्या चाकाला त्यानं एक लाथ घातली आणि आत आवाज दिला, “अगं, आपली शिल्पा आली, चहा टाक!”

जळकोटपासून आत, डोंगराच्या उतरणीवर बसलेल्या हिवरदऱ्यात वय ‘लावायची’ रीत आहे. शाळेत घालताना गुरुजी लावतात, म्हणून निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं. पन्नाशी ओलांडली की निराधारच्या पगारासाठी पासष्ट लावायचं. पोरीच्या लग्नाचा विषय निघाला की अठरा लावायचं. एका माणसाला तीन-तीन वयं असतात आणि ती कधी एकमेकांना भेटत नाहीत, कारण शाळेतलं वय शाळेत राहतं, पगाराचं वय तहसिलात राहतं आणि खरं वय आईच्या ध्यानात राहतं. विचारणारा कोण, हे बघून उत्तर द्यायचं. याला इथं कुणी खोटं म्हणत नाही. पाव्हण्याला ‘जेवलाव का’ विचारलं की उपाशी माणूसही ‘हाव’ म्हणतो, त्यातलंच हे.

शिल्पाचं स्वतःचं वयसुद्धा असंच एकदा लावलेलं. माहेर लोहा तालुक्यातलं. दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, अकरावीचा फॉर्म आणला, आणि त्याच उन्हाळ्यात हिवरदऱ्याच्या सुदर्शन गवंड्याचं स्थळ आलं. बापानं सोळाची अठरा केली. फॉर्म चुलीवरच्या फडताळात पडून राहिला, त्याच्यावर नंतर पापड वाळले. शिल्पा याबद्दल कधी रडून बोलली नाही. गावात मात्र तिची ख्याती झाली ती लिहितावाचता येणारी सून म्हणून. कुणाचा अर्ज भर, कुणाची बँकेची स्लिप भर, असं करता करता ती बचतगटाची ताई झाली. मग लातूरच्या एका संस्थेनं गावोगावच्या ताईंना सर्व्हेसाठी बोलावलं, तेव्हा हिवरदऱ्यातून तीच गेली.

लातूरला प्रशिक्षण होतं ते एका डाळ मिलच्या मागच्या हॉलमध्ये. तुरीचा भाजका भाजका वास, खिडकीबाहेर क्लासच्या पाट्यांवरची हसरी डॉक्टर पोरं-पोरी, आणि पुढं संस्थेचे नबील सर. लातूरचेच, जुन्या कापडवाल्यांच्या घरातले, वयानं शिल्पापेक्षा लहान. बोलायचे मात्र असं, की ऐकणाऱ्याचा पाठीचा कणा ताठ व्हावा.

“ताई, आजवर गावाचं काय करायचं ते सरपंचाच्या ओसरीवर ठरायचं. आता गावाचे आकडे ठरवतील. लेकरं जास्त असतील तर शाळा, शेळ्या जास्त असतील तर जनावरांचा दवाखाना. तुम्ही भराल तसं गाव दिसेल.”

शिल्पानं हात वर केला. पन्नास बायांत तिचा एकटीचाच हात.

“सर, आमच्याकडं शाळा सातवीपर्यंत हाय. पुढं जळकोट. पोरं जातेत सायकलवर, पोरींला कुणी धाडत न्हाई. सातवीच्या पुढच्या पोरी लई निघाल्या, तर आठवीचा वर्ग गावात मिळंल का?”

“का नाही? आकडा दाखवा. वीस मुली दाखवा, प्रस्ताव मी स्वतः लिहितो.”

परतीच्या एसटीत शिल्पा खिडकीशी बसून नावं घेत आली. रईसाची लायबा, तळ्यावरच्या वीरण्णाच्या दोघी जुळ्या, पाटलाच्या मळ्यातली ती तोतरी पोर… आणि आपली तनुजा. जळकोट यायच्या आत वीस कधीच पार झाले होते.

तनुजा सातवीत होती. सातवी सुटली की पोरगी घरी बसते, घरी बसली की लोकांच्या डोळ्यांत येते, आणि डोळ्यांत आली की बोहल्यावर चढते. शिल्पाला हे पाठ होतं. तिला आठवीचा वर्ग हवा होता. बाकी आराखड्यात गटारं येवोत, दिवे येवोत, तिचं काही म्हणणं नव्हतं.

म्हाताऱ्यांची वयं लिहिताना तिला हसू यायचं. गावात एकेका आळीत पासष्टीची पलटण उभी राहायला लागली. घरी सासू, गंगम्मा, गवताचा भारा डोक्यावरून खाली टाकत म्हणाली, “अय्यो यव्वा, परक्यांची वाढवतीस आन् माझी कमी करतीस का? सदुसष्ट लिव. पगाराच्या कागदात तेवढंच हाय.” शिल्पानं लिहिलं. सासूच्या पगारावर घरातलं तेलमीठ होतं. कुणाचं काय बिघडत होतं?

मग ती रईसाकडं गेली.

रईसा शिल्पाची या गावातली पहिली मैत्रीण. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आलेल्या, रईसा जळकोटच्या बाजारातल्या शिंप्यांच्या घरातून, जहांगीरची बायको होऊन. आता अख्ख्या गावाचे ब्लाऊज ती शिवते. तिची लायबा आणि तनुजा एका बेंचावर.

“लायबाचं वय?” शिल्पानं विचारलं, विचारायचं म्हणून. बोट तेरावर जाऊन थांबलंही होतं.

“अठरा लिव.”

“रईसा! एका बेंचावर बसतेत आपल्या पोरी.”

“बसू दे की. बेंच येतोय का तुझ्या सर्व्हेत सांगायला?” रईसानं दातानं दोरा तोडला. “शेजारच्या गावात काय झालं, ऐकलीस ना? मांडव घातला, भात शिजला, आन् जीप आली. पोरीच्या मायला दिवसभर ठाण्यात बसवलं. त्यांला कुणी सांगितलं? असंच कुणीतरी मोबाईलवर लिवून नेलं आसंल.”

“तू काय लायबाचं लगीन करून राहिलीस का?”

“नक्को बोलू तसलं! मी कामून करू? मला शिकवायचीच हाय. पण उद्याचं कोण सांगावं, शिल्पा? माझ्या सासऱ्याच्या मनात आलं, जहांगीरच्या मनात आलं, तर मी कुठं मधी पडणार? आन् तवा कागदात तेरा निघाली, तर ठाण्यात कोण बसायचं? जहांगीर बसायचा न्हाई, शिल्पा. मी बसायची.”

मशीन पुन्हा खडखडायला लागली.

“आन् आठवीचा वर्ग? पोरी दिसल्या तरच मिळणार हाय तो.”

“मिळंल गं. एका लायबानं काय अडतंय? बाकीच्या हायत की.”

बाकीच्या हायत की! पुढच्या घरी गेली, तिथंही हेच. वीरण्णाच्या बायकोनं दोघी जुळ्यांना एकोणीस लावलं, एकीला तर चुकून वीस सांगितलं आणि जुळ्यांत वर्षाचं अंतर पाडलं. पाटलाच्या मळ्यात तोतरी पोर दारातच उभी होती, तिच्या हातात भूगोलाचं पुस्तक होतं, आणि तिची आई सांगत होती, “अठरा संपून एकोणिसावं लागलंय बघा ताई.” प्रत्येक घराला वर्ग हवा होता, आणि तो दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर हवा होता.

शिल्पानं लिहिलं. जे सांगतील ते लिहायचं, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण तिला नंतर कळलं, आणि ते फार साधं होतं. नाही लिहिलं असतं तर पुढची दारं बंद झाली असती. या गावात इतकी वर्षं ती सुदर्शनची बायको होती, गंगम्माची सून होती. या महिन्यात पहिल्यांदा दारोदार चटई अंथरली जात होती, चहा येत होता, ‘आपली शिल्पा’ म्हणत होते. ते ‘आपली’ तिच्यानं सोडवलं नाही.

सगळ्यांत शेवटी स्वतःचं घर. तनुजा खांद्यावर रेलून म्हणाली, “मम्मी, माझं मी टाकते.” आणि तिनं ऐटीत तेरा दाबलं.

*

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरींचा नाच झाला, आणि त्याच मांडवात ग्रामसभा बसली. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. नबील सर लॅपटॉप घेऊन आले होते. आपल्या गावाचं चित्र चादरीवर दिसणार म्हणून माणसं झाडून सगळी आली. नाचलेल्या पोरी गणवेशातच पुढं मातीत रांगा धरून बसल्या. लाल रिबिनी, गालाला पावडर, पायांत एकमेकींच्या उसन्या चपला.

चादरीवर रंगीत खांब उगवले.

“हा खांब बघा,” नबील सर म्हणाले. “साठीच्या पुढची माणसं. मी बरीच गावं बघितली, पण एवढा उंच खांब कुठंच नाही. हिवरदरा हे ज्येष्ठांचं गाव आहे.”

टाळ्या पडल्या! सगळ्यांत जोरात मलप्पानं वाजवल्या.

“आणि आता हा.” सरांचा आवाज जरा खाली आला. “अकरा ते चौदा वयाच्या मुली. चार.”

खांब कसला, चादरीवर पडलेला खरकट्याचा डाग वाटावा एवढा.

“मला हे बघून वाईट वाटलं. आपल्या गावात मुली जन्माला येऊ देत नाहीत का? याचा विचार करायला पाहिजे. अठरा-वीसच्या मुली मात्र भरपूर आहेत, त्यांना आपण शिवणकाम शिकवू. आठवीच्या वर्गाची एक सूचना ताईंनी केली होती, पण चार मुलींसाठी वर्ग मागता येत नाही. निधी एकाच इमारतीचा आहे. आकडे सांगतात, की तो विरंगुळा केंद्राला जावा. ज्येष्ठांना बसायला बाक, पेपर, कॅरम.”

सरपंच हणमंतराव मान डोलवत उठले. “आकड्यापुढं आपण कोण? मग ठराव…”

“थांबा, सर!”

शिल्पा उभी राहिली होती. बायांच्या घोळक्यातून कुणीतरी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

“आकडा चुकीचा हाय.”

नबील सरांनी चष्मा सारखा केला. “ताई, आकडे तुम्हीच भरलेत.”

मांडव हसला. शिल्पा हसू ओसरायची वाट बघत राहिली.

“मीच भरलेत. जे सांगितलं ते भरलं. खरे न्हाईत ते. सर, तुम्ही चादरीवर कामून बघता? खाली बघा की. तुमच्या पायापाशी बसल्यात.”

नबील सरांनी खाली बघितलं. लाल रिबिनीच्या रांगा. पहिल्या रांगेतल्या पोरी लाजून एकमेकींच्या मागं तोंड लपवायला लागल्या. तनुजा तेवढी समोर बघत राहिली. मग सर खालच्या आवाजात म्हणाले, “दिसतंय, ताई. मला दिसतंय. पण दिसतंय ते पुढं जात नाही. भरलेलं असतं तेच जातं.”

“मग आता भरू. मोबाईल हाय माझ्या हातात. एकेकीचं वय इचारू, भरू, झालं!”

“पालकांनी सांगावं लागेल. आईनं, वडलांनी.”

“सांगतेल की! कामून न्हाई सांगणार?”

हणमंतरावांनी घसा खाकरला. माणूस आरडाओरडा करणारा नव्हे, सुपारी कातरत बोलणारा.

“शिल्पाताई, जपून बरं का. सर्व्हे खोटा हाय असं सभेत म्हणलात, तर सर्व्हे पुन्हा होणार. पुन्हा झाला तर सगळ्यांचाच होणार. पोरींचा तेवढा न्हाई. म्हाताऱ्यांचा बी होणार.” त्यांनी मांडवावरून नजर फिरवली, आणि ती बरोब्बर थांबायची तिथं थांबली. “गंगम्मा, तुमचं वय किती हो?”

गंगम्मा सकाळीच दोन भारे गवत आणून सभेला आली होती. ती उठली. उठताना नेहमीसारखी ताठ उठली, मग तिला आठवलं, आणि तिनं एक हात कमरेवर ठेवून पाठ वाकवली.

“सदुसष्ट,” ती म्हणाली. सुनेकडं न बघता.

आपलेच दात, आपलेच ओठ. शिल्पा वळली ती शाळेच्या दयानंद गुरुजींकडं. ते झेंड्याच्या खांबापाशी हाताची घडी घालून उभे होते.

“गुरुजी, तुमच्या हजेरीत हायत ना सगळ्या? तुम्ही तरी सांगा.”

“पट वेगळा, ताई, सर्व्हे वेगळा,” गुरुजी म्हणाले. “पटावर वाड्यावस्त्यांवरच्याही मुली असतात. मी त्यात बोलणं बरोबर नाही.”

शेवटी तिनं रईसाला शोधलं. बायांच्या कडेला, खुर्चीच्या पायाशी, ओढणी घट्ट धरून बसलेली. लायबा पुढच्या रांगेतून उठून आईजवळ आली होती. तिच्या गालावरची पावडर घामानं ओघळली होती.

“रईसा, ऊठ. तू उठलीस की सगळ्या उठतेल.”

मांडवातली प्रत्येक मान रईसाकडं वळली. जहांगीर पुरुषांच्या बाजूला बसला होता, त्याचीही. रईसानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग लायबाच्या डोक्यावरची एक सैल रिबीन काढली आणि मुठीत धरली.

“माझ्या लायबाचं जे लिवलंय,” ती म्हणाली, “ते बराबर हाय.”

मग कुणालाच उठायची गरज उरली नाही.

हात वर करून ठराव झाला. बायांचे हात वर गेले, गंगम्माचा गेला, आणि पुरुषांच्या बाजूला, मलप्पाच्या शेजारी, सुदर्शनचाही गेला. चुन्यानं उललेली बोटं शिल्पानं लांबूनही ओळखली.

*

“हात कामून वर केला?” घरी आल्या आल्या तिनं विचारलं.

“बांधकाम निघू लालंय गावात,” सुदर्शन पाय धूत म्हणाला. “सरपंचानं मला सांगितलं हाय. उन्हाळाभर गावातच काम. न्हाईतर मला पुण्याला जाऊन पत्र्याच्या खोलीत राहावं लागतंय.”

“वर्गखोली निघाली असती तरी तुम्हीच बांधली असती की!”

“निघाली असती. निघाली का?”

“आपल्या तनूचं काय आता?”

सुदर्शननं तांब्या खाली ठेवला. तो रागावला नव्हता, हेच शिल्पाला जास्त लागलं.

“शिल्पे, गावभर अठरा लिवत कोण फिरलं? मी? मला तर वाचताबी येत न्हाई धड. तू लिवलीस. आम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलं, हाव, सांगितलं. पण तुला ठाऊक होतं ते कुठं जाणार ते. आम्हाला न्हवतं. आन् आता माझ्या हाताकडं बघू लालीस.”

गंगम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा थापायला लागली, जरा जोरात.

त्या दिवसापासून गावात चटया अंथरायच्या बंद झाल्या. कुणी भांडलं नाही, टोमणे तेवढे मारले. पाणवठ्यावर वीरण्णाची बायको म्हणाली, “हळू बोला गं, मोबाईलवर घेईल ती.” रईसाकडं टाकलेला ब्लाऊज शिल्पाकडं लायबाच्या हातून परत आला, शिवून, नीट घडी घालून. रईसा आली नाही. आणि शिल्पाच्या मनात तिच्याबद्दल राग तरी कुठं नीट धरत होता? ठाण्यात रईसाच बसली असती. ते खरंच होतं. राग धरायचा तर कुणावर धरायचा, हेच कळेना, आणि न धरलेला राग माणसाला आतून आंबवतो. शिल्पा चिडकी झाली. तनुजानं सातवीचा निकाल दाखवला तेव्हा ती ‘ठेव तिकडं’ एवढंच म्हणाली, आणि मग मोरीत जाऊन रिकामी घागर घासत बसली.

तनुजा हरली नव्हती. “मी लायबाबरोबर सायकलवर जाते जळकोटला,” ती बापाला म्हणाली. “दोघी असलाव तर काय होतंय?”

“दोघीच ना?” सुदर्शन म्हणाला. “दहा असत्या तर धाडली असती. दोघींच्या मागं गाव बोलतंय.”

“दहा हायत की पप्पा! वीस हायत!”

“कुठं हायत? सभेत तर चारच निघाल्या.”

एवढं म्हणून तो स्वतःच जरा ओशाळला, आणि थापी शोधायला बाहेर गेला.

जळकोटच्या शाळेसाठी दाखला काढायचा राहिला. लायबाला रईसानं मशीनवर बसवली, काजं-बटणं शिकवायला. चैत्रात विरंगुळा केंद्राचा पाया खोदला. वैशाखात भिंती आल्या. लोह्याहून सुदर्शनची बहीण आली, तनुजाच्या उंचीकडं बघून म्हणाली, “पोरगी लई वाढली की रं दादा. माझ्या पोराच्या खांद्याला लागंल.” सगळे हसले. शिल्पानं चहाचे कप इतक्या जोरात विसळले, की एकाचा कान तुटला.

मजूर परवडेना म्हणून सुदर्शन तनुजाला कामावर नेऊ लागला. नव्या भिंतीला पाणी मारायला. ती बादली घेऊन बांबूच्या परांचीवर चढायची, हातानं पाणी उडवायची. पासष्टीचे मलप्पा काका ट्रॅक्टरनं वाळू टाकून जायचे आणि जाताना ओरडायचे, “तनू, पक्की कर गं भिंत! आमच्या म्हातारपणाची सोय हाय ती!”

*

जून निम्मा उलटला तरी पावसाचा पत्ता नव्हता. शाळा उघडली. आठवड्यानं दयानंद गुरुजी दारात आले, हातात मोबाईल.

“शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे आहे, ताई,” ते म्हणाले आणि ओट्यावर टेकले. शिल्पानं त्यांना पाणी दिलं. त्यांनी प्यायलं, तांब्या खाली ठेवला, आणि मग तो परत उचलून जरा बाजूला ठेवला. “घरात सहा ते चौदा वयाचं कोण?”

“तनुजा. तेरा पूर्ण.”

“कुठं शिकते?”

“कुठंच न्हाई.”

गुरुजींचं बोट मोबाईलवर थांबलं.

“ताई, असं कसं लिहू?”

“जसं हाय तसं लिवा. शाळाबाह्य लिवा. मुलगी गावात हाय, घरात हाय, शाळेत न्हाई. ह्या बारीला मी खरं सांगू लाले गुरुजी, आन् माझं मीच सांगू लाले. आई हाय मी तिची.”

“ते बरोबर आहे. पण मी शाळाबाह्य लिहिलं, की मला विचारणार, तुमच्या शाळेतून सातवी पास झालेली मुलगी घरी कशी? मग खुलासा द्या. मग तिच्या वडलांना बोलावणार. मग सगळ्यांच्याच घरी जाणार, बाकीच्या मुली कुठं म्हणून. वरून सांगितलंय, आमच्या भागातल्या शाळांचा आकडा शून्य आला पाहिजे.” ते थांबले. वाईट माणूस नव्हते ते. तनुजाला वक्तृत्वात बक्षीस त्यांनीच दिलं होतं. “तिची आत्या लोह्याला असते ना?”

“असते.”

“मग स्थलांतरित लिहितो. लोह्याला आत्याकडं राहते, तिथं शिकते. कुणाला त्रास नाही. पुढं संधी आली तर नाव घालता येतं.”

“गुरुजी, ती हितं हाय!”

आतून तनुजा बाहेर आली. केस वाळूनं भुरे झालेले, पायाला सिमेंटचे पांढरे शिंतोडे. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, वर्गात उत्तर यायचं तेव्हा उभी राहायची तशी, सरळ.

“गुरुजी,” ती म्हणाली, “मी हितंच हाय.”

“हो बाळ,” गुरुजी म्हणाले. “दिसतंय मला.”

त्यांनी खाली मान घातली. बोट दोनदा चाललं, एकदा अडलं, मग पुन्हा चाललं. ते उठले, चपला घालताना कडेच्या भिंतीचा आधार घेतला, आणि पुढं रईसाच्या दाराकडं गेले.

ओट्यावर मायलेकी राहिल्या. शिल्पाला वाटलं, आता ही काही तरी विचारेल.

“तनूऽ!” केंद्राच्या बाजूनं सुदर्शनची हाक आली. “कुठं मेलीस गं? भिंत सुकून राहिली!”

लोह्याला शिकायला गेलेली तनुजा बादली उचलून हिवरदऱ्याच्या रस्त्यानं चालू लागली.